नोबिताची आजी आणि आमची बुढी

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळू लागला, की आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाला एरवी नसलेले महत्त्व प्राप्त होते. तिथे दोन मोठे कूलर आहेत. गेल्या वर्षी मुलांचे उन्हाळी शिबिर त्या सभागृहात भरले, तेव्हा शिबिराशी काहीही संबंध नसलेली दहाबारा वृद्ध मंडळी सायंकाळी नेमाने येऊन मागच्या खुर्च्यांवर बसू लागली. कारण विचारले, तर 'मुलांची गाणी ऐकायला' असे उत्तर मिळे. खरे कारण कूलरच्या गार वाऱ्यात होते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

शिबिराच्या तिसऱ्या सायंकाळी मुलांनी 'डोरेमॉन' पाहण्याचा हट्ट धरला. व्यंगपटांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही; मुले ती एका जागी बसून तासन्‌तास पाहतात, एवढीच त्यांच्याविषयीची माझी माहिती होती. तरीही दिवसभराच्या उन्हाने सारेच थकले होते, म्हणून मी होकार दिला. एका मुलीने 'आजीचा भाग' निवडला. अर्ध्या तासाच्या आतच तो संपला. दिवे लागले, तेव्हा पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांपैकी बरीचशी डोळे पुसत होती. आणि मागच्या खुर्च्यांवरील मंडळी हसत होती. गालातल्या गालात नव्हे, चांगली मोकळेपणाने हसत होती. मुलांनी मागे वळून त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मिस्सा चालू असताना दाराशी गप्पा मारणाऱ्यांकडे आम्ही पाहतो तशी होती.

एकच कलाकृती, एकच सभागृह, आणि प्रतिसाद असे परस्परविरुद्ध! या कोड्याने माझा पुढे बराच काळ पिच्छा पुरवला. म्हणून तो भाग मी पुन्हा दोनदा पाहिला, आणि आज त्याविषयी लिहायला बसलो आहे.

ज्या वाचकांच्या घरी लहान मुले नाहीत, त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. फुजिको एफ. फुजिओ या नावाने लिहिणारे जपानी चित्रकथाकार हिरोशी फुजिमोतो (१९३३–१९९६) यांनी १९६९ च्या अखेरीस 'डोरेमॉन' ही मालिका मुलांच्या मासिकांतून सुरू केली. नोबिता नावाचा एक आळशी, रडवा, परीक्षेत हमखास नापास होणारा शाळकरी मुलगा, आणि त्याला सांभाळण्यासाठी बाविसाव्या शतकातून आलेला मांजराच्या आकाराचा यंत्रमानव, अशी ही जोडी. भारतात २००५ पासून ही मालिका हिंदीतून दाखवली जाऊ लागली, आणि आमच्या वऱ्हाडातील मुले शुद्ध हिंदी बोलू लागली त्याचे बरेचसे श्रेय शाळेपेक्षा तिलाच द्यावे लागेल. आजीची कथा अगदी आरंभीची, १९७० सालची आहे. दूरचित्रवाणीसाठी ती एकाहून अधिक वेळा चित्रित झाली, २००० साली तिच्यावर स्वतंत्र लघुपट निघाला, आणि २०२० च्या 'स्टँड बाय मी डोरेमॉन २' या मोठ्या चित्रपटाचा पायाही तीच कथा आहे. देशोदेशीचे चाहते या भागाला 'रडवणारा भाग' म्हणूनच ओळखतात.

कथा साधी आहे. नोबिताला अडगळीत आपले जुने कापडी अस्वल सापडते. ते फाटले होते आणि आजीने शिवून दिले होते. आजी नोबिता बालवाडीत असतानाच वारली. तिला एकदा, नुसते दुरून तरी पाहावे, या ओढीने तो कालयंत्रात बसून मागे जातो. हे कालयंत्र त्याच्या अभ्यासाच्या टेबलाच्या खणात असते. तिथे त्याची तरुण आई त्याला ओळखत नाही आणि चोर समजून त्याच्यामागे धावते. तीन वर्षांचा नोबिता आजीवर चिडचिड करतो, ते पाहून मोठ्या नोबिताला स्वतःचाच राग येतो. अखेर तो आजीसमोर येतो आणि आपण कोण ते सांगतो. आजीला मुळीच आश्चर्य वाटत नाही; तिने ते ओळखलेलेच असते. याआधी बोलता बोलता तिने एक इच्छा व्यक्त केलेली असते: नातू पाठीला दप्तर लावून शाळेत जाताना पाहावा, तेवढे दिवस मिळावेत. नोबिता धावत आपल्या काळात परततो, दप्तर घेऊन येतो आणि तिला दाखवतो. आजीचे डोळे भरून येतात. आणि लगेच ती म्हणते, की आता तुझी बायकोही पाहावीशी वाटते! नोबिता परत येतो तो थेट शिझुका या वर्गमैत्रिणीकडे जातो, आणि आपण लग्न करू, आताच्या आता करू, असे तिला सांगू लागतो. ती गोंधळते. कथा संपते.

मुले कुठे रडली हे सांगायला नको. दप्तराच्या प्रसंगी रडली. आजी ते दप्तर खऱ्या आयुष्यात कधीच पाहणार नाही हे त्यांना ठाऊक असते, आणि आजीला ठाऊक नसते. की ठाऊक असते? कथाकाराने हा प्रश्न उत्तराविना सोडला आहे, आणि या कथेतील माझ्या मते सर्वांत प्रौढ जागा हीच. शाळेत जाणारा नातू भविष्यातून भेटायला येतो, याचा अर्थ त्या भविष्यात त्याला आपण भेटत नाही, हे न समजण्याइतकी ती आजी भोळी नाही. पण ती तो विषय काढत नाही. ती दप्तराविषयी बोलते.

आणि मागच्या खुर्च्या हसल्या त्या यानंतरच्या जागी, नातसुनेच्या मागणीवर. मी सभागृहाला कुलूप लावीत असताना एक आजी पायरीवर रिक्षाची वाट पाहत थांबल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगा पुण्यात नोकरीला. त्यांना मी विचारले, की एवढे हसू कशाचे आले? त्या म्हणाल्या, "लय लबाड हाय ते बुढी, फादर. पयले दप्तर मांगतलं, मंग नातसून मांगतली. पोराले जाऊच देत नाही."

जाऊच देत नाही! मी तीन वर्षे साहित्य आणि सात वर्षे तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. हे वाक्य मला सुचले नव्हते. मी त्या मागणीकडे मायेचा अतिरेक म्हणून पाहत होतो. त्या आजी तिच्याकडे कारागिराच्या नजरेने पाहत होत्या. पुढे त्यांनी स्वतःच उलगडून सांगितले. दर रविवारी रात्री पुण्याहून नातवाचा व्हिडिओ कॉल येतो. नातू चौथीत आहे. 'कशी आहेस आजी' झाले, की त्याला बोलायला काही उरत नाही आणि त्याचे बोट फोन बंद करायच्या लाल खुणेकडे वळते. मग या म्हणतात, दप्तर दाखव. तो उठून दप्तर आणतो. मग म्हणतात, वहीवर अक्षर कसं काढलं ते दाखव. मग डबा दाखव. मग नवी चप्पल. एकेका वस्तूमागे मिनिट-दीड मिनिट मिळते. नोबिताची आजी पडद्यावर नेमके हेच करताना पाहून मागच्या सगळ्या खुर्च्यांनी आपली युक्ती ओळखली होती. टेबलाच्या खणातून अवतरणारा नातू आणि हातातल्या काचेत अवतरणारा नातू यांत त्यांना काही फरक दिसत नव्हता.

आता त्या कथेची रचना पाहा. दप्तर दाखवून झाले तिथे ती संपली असती, तर एक गोड, पुरी झालेली इच्छा एवढेच तिचे स्वरूप राहिले असते. अशा कथा आपल्या नियतकालिकांतून आपण पुष्कळ छापतो. दुसऱ्या मागणीने ती कथा विनोदी झाली, आणि विनोदी झाली म्हणूनच खरी झाली. वृद्धाची इच्छा तृप्त होऊन शांत होते, ही आपण तरुणांनी करून घेतलेली सोयीची समजूत आहे. बाळाला जवळ घेऊन आता मला जाऊ दे म्हणणारा शिमोन आपल्याला पूज्य आहेच. पण प्रत्येक म्हाताऱ्याने शिमोन व्हावे, ही अपेक्षा जरा जास्त होते.

मात्र वृद्ध हसले, म्हणून विनोद चांगला, असा निष्कर्ष मी काढणार नाही. त्याला एक कारण आहे, आणि ते मला सांगितलेच पाहिजे.

माझे बालपण मूर्तिजापूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेले. वडील रेल्वेत होते. आजोबा आमच्याजवळ राहत. गुडघे वाकडे झालेले, हातात काठी, चालताना प्रत्येक पावलाला किंचित डावीकडे झुकत. अचलपूरहून येणारी शकुंतला गाडी जशी डुलत फलाटाला लागे, तसे ते ओसरीत येत. मी नऊदहा वर्षांचा असेन. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरले होते, आणि मी घरातली छत्री घेऊन आजोबांच्या चालीची नक्कल केली. मामा-मावश्या पोट धरून हसल्या. आजोबा दारात उभे होते, तेही हसले, टाळीसुद्धा दिली. त्यानंतर पाहुणे असले, की ते काठी दाराआड ठेवून भिंतीला धरून बाहेर येऊ लागले. हे आईच्या लक्षात आले होते. माझ्या लक्षात ते फार उशिरा आले.

तेव्हा वृद्धाचे हसणे हा नेहमीच दाद देण्याचा प्रकार नसतो. कधी ते घरातली जागा टिकवण्याचे भाडे असते.

आपल्या मराठी हास्यचित्रांनी या भाड्यावर पुष्कळ काळ गुजराण केली आहे. आमच्या लहानपणी फिरत्या वाचनालयातून दिवाळी अंकांचा गठ्ठा घरी येई. त्यांत मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला 'आवाज' असे, आणि तो नेमका मोठ्यांच्या उशीखाली सापडे. त्यातल्या खिडकीचित्रांची कल्पना चतुर होती: वरच्या कागदाच्या खिडकीतून एक दिसे, पान उलटले की भलतेच निघे. पण त्या आणि तशा इतर अंकांतून म्हातारा आला, की तो दोनच कारणांसाठी येई. एक तर त्याची कवळी पाण्याच्या पेल्यात, चष्मा कपाळावर आणि कान बहिरे. नाही तर नजर शेजारच्या तरुणीवर. म्हातारी आली, तर ती सुनेशी भांडायला. शि. द. फडणीसांसारखा चित्रकार या सगळ्यातून वेगळा राहिला. २०२५ साली शंभरी गाठणाऱ्या या कलावंताच्या शब्दविरहित चित्रांत हसू माणसाच्या व्यंगातून नव्हे, तर परिस्थितीच्या गमतीतून येते. पण तो अपवाद झाला. बाकीच्या चित्रांवर आमच्या आजोबांची प्रतिक्रिया मला आठवते. ते पान उलटीत, थोडे हसत आणि अंक बाजूला ठेवीत. त्यावर काही बोलत नसत.

आणि इथे मला त्या दोन हसण्यांतला फरक सापडतो. आजोबांनी त्या चित्रांत कधी स्वतःची भर घातली नाही. अकोल्याच्या आजींनी घातली. जो विनोद आपल्याविषयी असूनही आपल्याला पुढे चालवावासा वाटतो, त्यात आपण सहभागी असतो; जिथे केवळ हसून गप्प बसावे लागते, तिथे आपण वस्तू असतो. वार्धक्यावरील विनोदाची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. ती पाश्चात्त्य समीक्षाग्रंथांतून आलेली नाही हे कबूल करतो, पण सेमिनरीतल्या एका तासाचा तिच्याशी संबंध आहे.

नागपूरच्या सेमिनरीत जुना करार शिकताना आम्ही 'उपदेशक' या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाशी आलो. तिथे वार्धक्याचे चित्र एका मोडकळीस आलेल्या घराच्या रूपात येते: दळणाऱ्या कमी झाल्याने त्यांचे काम थांबते, खिडक्यांतून पाहणाऱ्यांना अंधुक दिसते, रस्त्यावरची दारे बंद होतात, बदामाचे झाड फुलते, टोळ ओझे झाल्यासारखा सरपटतो. आमचे वृद्ध प्राध्यापक एकेक प्रतिमा सांगत आणि ती शरीराचा कोणता अवयव ते आम्हांला ओळखायला लावीत. दळणाऱ्या म्हणजे दात, हे एकाने ओळखले आणि वर्गात खसखस पिकली, कारण प्राध्यापकांच्या तोंडात चारच शिल्लक होते. ते थांबले, तोंड उघडून एकेकाकडे बोट दाखवीत त्यांनी गणती केली, आणि म्हणाले, "ह्यांतल्या दोघींनी राजीनामा दिला आहे, पण मी तो अद्याप मंजूर केलेला नाही." वर्ग हसला तो आता त्यांच्यासोबत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कोणी एका ज्ञात्याने काढलेले हे व्यंगचित्रच आहे, आणि ते टिकून आहे याचे कारण, मला वाटते, काढणारा स्वतः त्या घरात राहत होता.

याच कसोटीवर मराठीतील आणखी एक विनोदी म्हातारा उतरतो. तो व्यंगचित्रातील नाही, पण वाचकांना त्याची आठवण आतापर्यंत झालीच असेल. 'लोकसत्ता'तील आपल्या 'अनुदिनी' या सदरावरून दिलीप प्रभावळकर यांच्या लेखणीतून आलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. आबा टिपऱ्यांची भूमिका खुद्द प्रभावळकरांची. त्या वेळी ते साठीलाही पोहोचले नव्हते. मुलगा, सून, नातू शिऱ्या, नात शलाका आणि आबा, एवढेच कुटुंब. मी तेव्हा अमरावतीत होतो. सायंकाळी घरांना भेटी द्यायला गेलो आणि ही मालिका चालू असली, तर फादर आले म्हणून टीव्ही बंद करण्याची पद्धत तेवढ्यापुरती शिथिल होत असे. आम्हीही बसून पाहत असू.

आबांच्या वाट्याला आलेले प्रसंग जुनेच होते: विसरभोळेपणा, नव्या यंत्रांची धास्ती, नातवाच्या भाषेचे कोडे. परंतु आबा रोजनिशी लिहितात. दिवसभर घराने त्यांना पाहिलेले असते, रात्री ते घराला पाहतात. लेखणी म्हाताऱ्याच्या हाती दिल्याबरोबर तोच विनोद उलट्या दिशेने वाहू लागला. अमरावतीतल्या एका घरी मालिका संपल्यावर तेथील सेवानिवृत्त आजोबा आपल्या सुनेला म्हणाले, "उद्यापासून मीही वही घालतो, सांभाळून राहा." सून हसली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच दोनशे पानी वही आणून दिली. त्यात त्यांनी काय लिहिले ते मला ठाऊक नाही. दुधाचा हिशेब असण्याची शक्यता अधिक.

हास्याची दिशा हा शब्द वापरला, तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्याच एका थोर माणसाची आठवण टाळता येत नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवलेले संत गाडगेबाबा कीर्तनात एकटे बोलत नसत. ते प्रश्न विचारीत आणि समोरचा समुदाय उत्तर देई. या प्रश्नोत्तरांतूनच त्यांचे कीर्तन पुढे सरके. जिवंतपणी आईबापांची आबाळ करायची आणि मेल्यावर त्यांच्या नावाने पंगती उठवायच्या, या रीतीवर त्यांनी श्रोत्यांना हसवले. पण त्या हास्यात म्हातारा-म्हातारी हास्यविषय नाहीत. हास्यविषय आहे तो मुलगा, आणि तो मुलगा समोर मांडी घालून बसलेला आहे, स्वतःच उत्तरे देत आहे. हसता हसता आपण कोणाला हसत आहोत हे त्याला कळते, तेव्हा उशीर झालेला असतो. आज वलगावला गाडगेबाबांच्या नावाने वृद्धाश्रम आहे.

(वऱ्हाडी बोलीत आपल्या आईबापांना 'आमचा बुढा', 'आमची बुढी' म्हणण्याची रीत आहे. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना ती उर्मट वाटते. मी इतकी वर्षे ऐकत आलो आहे. बुढ्याला शेतावर डबा नेऊन देणाराही 'बुढा'च म्हणतो आणि न देणाराही. शब्दावरून काही ठरवता येत नाही.)

आता या कथेतील उणिवेकडे वळतो. ती मी नव्हे, शिबिरातील बारा वर्षांच्या एका मुलीने दाखवून दिली. सगळी मुले रडत असताना ती रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी विचारले, तुला नाही का आवडली गोष्ट? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फादर, नोबिताची आजी खोकत नाही."

या मुलीची आजी तिच्याच खोलीत झोपते. घर दोन खोल्यांचे आहे. आजीला दमा आहे, आणि परीक्षेच्या दिवसांतही रात्री तीनतीनदा उठावे लागते. पडद्यावरील आजीला खोकला नाही, गुडघा नाही, औषधाचा वास नाही, एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगण्याची सवय नाही. नातवाशिवाय तिला स्वतःचे आयुष्यही नाही. तिची मैत्रीण नाही, तक्रार नाही, मत नाही. ती शिवते आणि वाट पाहते. आई मात्र सर्व मालिकाभर ओरडणारी दाखवली आहे, कारण आई रोज घरात असते. मेलेल्या माणसावर प्रेम करणे सोपे असते, हे कथाकाराला कळत नसेल असे नाही. पण त्याने ती सोपी वाट घेतली आहे. मुलांचे अश्रू खरे होते, तरी ते अशा आजीसाठी होते जिच्यासाठी कोणालाही रात्री उठावे लागत नाही. मी त्या मुलीला काय उत्तर दिले ते सांगण्यासारखे नाही. काहीतरी दिले.

२०२० च्या चित्रपटाने तर उरलेली धारही बोथट केली. तिथे नोबिता भविष्यात जाऊन आपले लग्नच गाठतो, ऐन वेळी पळून गेलेल्या मोठ्या नोबिताला शोधतो, आणि आजीला नातसून दाखवण्याचे काम तडीस नेतो. चाहत्यांना हे आवडले. इच्छा पुरी झाली याचे समाधान वाटले. मला मूळ कथेतील गोंधळलेली शिझुका अधिक मोलाची वाटते. तिथे नोबिता एक अशक्य मागणी पुरी करायला धावतो आणि हास्यास्पद होतो. त्याच्या त्या हास्यास्पदपणात आजीवरची माया मावलेली आहे. लग्नसमारंभाच्या झगमगाटात ती मावत नाही. अमेरिकेच्या पिक्सार संस्थेचा 'अप' (२००९) हाही म्हाताऱ्यावरचा गाजलेला व्यंगपट. त्याच्या आरंभीच्या शब्दहीन मिनिटांत एका दांपत्याचा सारा संसार येऊन जातो, आणि जिन्यावरून खुर्चीत बसून संथपणे सरकत उतरणारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा कार्ल हे निखळ हास्यचित्र आहे. पण पुढे त्याला फुग्यांच्या घरातून दूरदेशी पाठवून धाडसी तरुण केल्याशिवाय पटकथेला चैन पडत नाही. जणू म्हातारपण हा साहसाने बरा होणारा आजार आहे. नोबिताची आजी बरी होत नाही, हे तिच्या कथेचे श्रेय आहेच.

'उत्पत्ती'च्या अठराव्या अध्यायातील साराही दाराआड उभी राहून हसते, आणि विचारल्यावर मी हसलेच नाही म्हणते. आमच्या आजोबांसारखे तेही दाराआडचे हसणे. पुढे मुलाचे नाव इसहाक ठेवले जाते. त्याच्या अर्थातच हसू आहे, आणि मग मात्र आता ऐकणारे सगळे आपल्याबरोबर हसतील असे ती उघड म्हणते. या दोन हसण्यांमध्ये तीन अध्याय जातात. मी नऊदहा वर्षांचा होतो आणि मला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण घरातल्या इतरांना होते, आणि तेही हसले.

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर त्या ऐंशीच्या घरातील आजी पुन्हा भेटल्या. कूलरचे दिवस संपले होते, तरी त्यांना शिबिराची सायंकाळ आठवत होती. त्यांनी विचारले, "त्या पोराचं लगन झालं का, फादर?" मी त्यांना नव्या चित्रपटाची कथा सांगितली, लग्न झाले, आणि नोबिताने बायको आजीला दाखवली. त्यांनी मान डोलावली. पायऱ्या उतरायला लागल्या, दोन पायऱ्या उतरून कठड्याला धरून थांबल्या आणि वळून म्हणाल्या,

"मंग आता ते पणतू मांगन, पाहा."